वाढदिवसाची रंगीत तालीम

वकीलबाई येत्या रविवारी सहा वर्षांच्या होणार होत्या.

वकीलबाई म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि तिथेच वापरलं जायचं. साडेतीन वर्षांची असताना एकदा तिला दामटून झोपवलं, तेव्हा तिने डोळे टक्क उघडे ठेवून, "आडवं पड म्हणालात, पडले. झोप लागली पाहिजे असं कोण म्हणालं होतं?" असा मुद्दा काढला. त्या दुपारपासून सगळे तिला वकीलबाई म्हणू लागले. तिने हरकत घेतली नाही. हरकत घेण्यासारख्या इतर गोष्टी घरात भरपूर होत्या.

वकीलबाईंची आई नाट्यगृहात रंगमंच व्यवस्थापक होती. म्हणजे नाटक चालू असताना विंगेतल्या काळोखात उंच स्टुलावर बसून, कानाला हेडफोन लावून, दिवा कधी लागायचा, वीज कधी कडाडायची आणि राजाने मरायला कधी बाहेर जायचं, हे ठरवणारी बाई. ती आधी म्हणायची, "स्टँडबाय." मग म्हणायची, "गो." ती 'गो' म्हणाल्याशिवाय त्या इमारतीत सूर्यसुद्धा उगवत नसे. सोळा वर्षांत तिने एकही प्रयोग रद्द केला नव्हता. एकदा मध्यंतरात नायकाची पँट मागून उभी फाटली, तर तिने पुढचा अख्खा अंक त्याला एका टेबलामागे उभा करून काढला. दोन दिवसांनी पेपरात त्या टेबलाचं फार कौतुक आलं. नायकाचं आलं नाही.

पण नाट्यगृहाचा नवा हंगाम दरवर्षी ज्या आठवड्यात उघडायचा, नेमका त्याच आठवड्यात वकीलबाईंचा वाढदिवस असायचा. खुद्द जन्माच्या वेळी आई हजर होती, तीही अगदी वेळेवर. त्यानंतर पाच वाढदिवस झाले आणि पाचही वेळा ती विंगेत होती. घरच्या फोटोंत केक होता, मुलगी होती, मुलीचे बाबा होते, अप्पा होते, एका फोटोत तर खिडकीत आलेली कुणाचीतरी मांजरसुद्धा होती. आई नव्हती.

यंदा मात्र उद्घाटनाच्या तालमीत एका नर्तिकेचा पाय रंगमंचाच्या फळीतून थेट तळघरात उतरला. फळ्या बदलायला काढल्या आणि हंगाम तीन आठवडे पुढे गेला. नर्तिकेच्या पायाला काही झालं नाही. तळघरात बसलेल्या सुताराने मात्र आठवडाभर रजा घेतली.

"यंदा मी असणार," आईने नवऱ्याला सांगितलं. "ती मेणबत्त्या फुंकेल तेव्हा मी समोर असणार. या डोळ्यांनी बघणार."

"बघ की," नवरा म्हणाला. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे पुढच्या काही दिवसांत त्याच्या लक्षात आलं. आईने एक जाड वही काढली. वहीत पहिल्या पानावर दिवाणखान्याचा नकाशा, दुसऱ्यावर बारा पाहुण्यांची यादी, तिसऱ्यावर कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला फुगे फुटलेले चालत नाहीत आणि कोणत्या दोघींचं सध्या बोलणं बंद आहे. चौथ्या पानापासून मिनिटामिनिटाचा हिशोब. दुपारी चार: दार उघडणे. चार वाजून पाच मिनिटं: चपला. आई चपलांना चार मिनिटं देऊन थांबली, मग खोडून सहा केली. बारा मुलं म्हणजे चोवीस चपला, आणि त्यातल्या निदान दोन कुणाच्याच नसतात.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं: शनिवार, दुपारी चार, रंगीत तालीम.

"तालीम?" नवऱ्याने विचारलं. "वाढदिवसाची?"

"मग काय थेट प्रयोग करायचा? पाहुण्यांसमोर?"

नवऱ्याने वही मिटून तिला परत दिली. तो कवळ्या बनवायचा. दिवसभर त्याच्यासमोर टेबलावर रांगेने हसरी तोंडं मांडलेली असत, पण त्यांच्यामागे माणूस नसे, त्यामुळे वाद घालायची त्याची सवय मोडली होती. उत्तर दिलं अप्पांनी. अप्पा म्हणजे त्याचे वडील. दुकानांतले वजनकाटे खरे आहेत की खोटे हे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. अजूनही बाजारातून आलेली पिशवी ते नुसती उचलून "वीस ग्रॅम कमी" म्हणत, आणि वीसच निघत.

"करू दे तिला," अप्पा म्हणाले. "काटासुद्धा आधी रिकामा तपासून घेतात."

रंगीत तालमीत सगळं खरं हवं, हा आईच्या धंद्यातला नियम. खरे कपडे, खरे दिवे, खरं सामान. आणि जे सामान खाऊन संपतं किंवा जळून जातं ते दोन-दोन आणायचं, एक तालमीला, एक प्रयोगाला. म्हणून केक दोन आले, दोन्हींवर साखरेचा ठसठशीत सहाचा आकडा. मेणबत्त्यांचे दोन पुडे आले. भेटवस्तू तेवढी एक होती, तीनमजली बाहुलीघर. ते खोक्यातून काढून अप्पांच्या पलंगाखाली लपवलं आणि तालमीपुरतं रिकामं खोकं झकास कागदात बांधलं.

पाहुणे कुठून आणायचे? शनिवारी चार वाजता नवरा सात पाहुणे झाला आणि अप्पा पाच. प्रत्येक पाहुण्याला वेगळी टोपी होती. नवरा दारातून आत यायचा, चपला काढायचा, "हॅपी बर्थडे" म्हणायचा, मागच्या दाराने बाहेर पळायचा, टोपी बदलायचा आणि परत घंटी वाजवायचा. पाचव्या खेपेला त्याला धाप लागली.

"मी आता कोण?" त्याने दारातून विचारलं.

"निळी टोपी. चष्मेवाली. शेंगदाण्यांना हात लावू नकोस."

"बरं. पण चष्मेवाली आणि लाल टोपी बोलत नाहीत ना एकमेकींशी? दोघीही मीच आहे. मग मी काय करू?"

"गप्प बस," आई म्हणाली. "दोघींचंही काम होईल."

वकीलबाई नवा पिवळा फ्रॉक घालून हे सगळं गंभीरपणे बघत होत्या. त्यांना सांगितलं होतं, की उद्याचं आज करून बघायचंय. त्यांनी मान डोलावली होती. वकीलबाईंनी मान डोलावली, की ती कशाला डोलावली हे लेखी घ्यायला हवं, हे आईला माहीत असायला हवं होतं. पण तिचं लक्ष घड्याळात होतं. स्वयंपाकघराच्या दारात जुनी चादर लावून तिने विंग तयार केली होती आणि तिथे स्टुलावर ती स्टॉपवॉच घेऊन बसली होती.

"केक, स्टँडबाय," ती म्हणाली. "केक, गो."

केक गेला. दिवे गेले. सात अधिक पाच पाहुण्यांनी दोनच गळ्यांतून गाणं म्हटलं. वकीलबाईंनी गाल फुगवले आणि सहाच्या सहा मेणबत्त्या एका दमात विझवल्या. अप्पांनी टोप्या बदलत बाराही पाहुण्यांच्या टाळ्या वाजवल्या. आईने वहीत लिहिलं: मेणबत्त्या, चार सेकंद.

मग वकीलबाईंनी भेटीचा कागद फाडला, आत वाकून बघितलं, खोकं रिकामं आहे याची खात्री केली, आणि त्यात जाऊन बसल्या.

"भारी आहे," त्या आतून म्हणाल्या.

"अगं, ते नुसतं खोकं आहे. खरी भेट उद्या."

"हे पण खरंच आहे," असं खोक्यातून उत्तर आलं. तालीम सहाला दोन मिनिटं असताना संपली. एकूण वेळ ठरल्यापेक्षा दोन मिनिटांनी कमी. आई इतकी खुश झाली, की तिने नवऱ्याच्या सातही पाहुण्यांचे वेगवेगळे आभार मानले.

रविवारी सकाळी आई वकीलबाईंच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. सहा वर्षं या वाक्यासाठी थांबली होती ती. तिने ते वाक्य पाठही केलं होतं.

"उठा उठा! आज कुणाचा वाढदिवस?"

वकीलबाईंनी एक डोळा उघडला. "कुणाचा?"

"तुझा!"

"माझा झाला की. काल."

आई हसली. मग मुलगी हसत नाहीये हे बघून तिने हसू आवरलं. "काल तालीम होती, सोन्या. वाढदिवस आज आहे."

वकीलबाई उठून बसल्या. केस विस्कटलेले, पण चेहरा कोर्टातला.

"काल मेणबत्त्या किती होत्या?"

"सहा."

"खोट्या होत्या?"

"नाही, खऱ्याच होत्या, पण…"

"विझवल्या कुणी?"

"तू."

"केक खाल्ला?"

"खाल्ला."

"मग मी सहा वर्षांची झाले. आज परत विझवल्या तर मी सात वर्षांची होईन."

"असं नसतं गं, बाळा."

"मग कसं असतं?"

आई मदतीसाठी नवऱ्याला हाक मारायला वळणार, तेवढ्यात वकीलबाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"सात वर्षांच्या मुलांना दुसरीत बसवतात," त्या म्हणाल्या. "मला हातच्याची बेरीज येत नाही."

नवरा आला. त्याने जन्माचा दाखला आणला होता. वकीलबाईंना वाचता येत होतं तेवढा त्यांनी वाचला आणि परत केला. "कागदावर काहीही लिहितात. अप्पांच्या कागदावर पण तारीख आहे. अप्पा, ती खरी आहे का?"

दारात उभ्या असलेल्या अप्पांनी साक्ष द्यायची असल्यासारखा गळा साफ केला. "छे. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, कधीचा जन्म? आमचे वडील म्हणाले, लख्ख ऊन होतं. मास्तरांनी त्यांच्या मनाने एक तारीख टाकली. खरी कुणालाच माहीत नाही."

"अप्पा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" आईने विचारलं.

"मी कधीच कुणाच्या बाजूने नसतो, अगं. काट्यावर जे दिसतं ते सांगतो."

मग वकीलबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. त्यांना वाटलं, हा सगळ्यांत सोपा प्रश्न आहे.

"आई, तू तर तिथेच होतीस. तू बघितलंस ना मी फुंकलं ते?"

"चार सेकंद लागले," आई म्हणाली.

"ते माहितीये. तू वहीत लिहिलंस. पण बघितलंस का?"

आईने आठवून पाहिलं. तिला स्टॉपवॉचचा काटा आठवला. वहीतली ओळ आठवली. चादरीचा कोपरा सुटत होता, तो आठवला. मुलगी आठवेना.

ती स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. नवरा मागोमाग आला आणि काहीतरी करावं म्हणून त्याने चहा टाकला.

"पाच चुकले होते," ती म्हणाली. "हा सहावा. आणि हा तर मी घरात बसून चुकवला. साताठ फुटांवरून."

"अगं, ती येईल ताळ्यावर. लहान आहे."

"लहान आहे, पण तिचं चुकलंय कुठे ते सांग बघू."

नवऱ्याने बराच विचार केला. चहा उतू गेला तरी त्याला चूक सापडली नाही.

"बारा जणांना फोन करून सांगू का, नका येऊ म्हणून?" त्याने शेवटी विचारलं.

आईने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने गॅस पुसायला घेतला. सोळा वर्षांत एकही प्रयोग रद्द झाला नव्हता. राणीला कांजिण्या आल्या, राजाचा आवाज बसला, पण पडदा वेळेवर उघडला. कारण प्रत्येक भूमिकेला एक बदली कलाकार ठरलेला असतो. मूळ माणूस पडला, की बदली उभा. तिने वही उघडली. तिथे तिच्याच अक्षरात तीन रकाने होते: काम, माणूस, बदली. केक आणणे, बाबा, बदली अप्पा. दिवे, अप्पा, बदली बाबा. चपला, बाबा, बदली अप्पा. वाढदिवसाची मुलगी, वकीलबाई, बदली…

रकाना कोरा होता.

"ही चूक मी नाट्यगृहात केली असती, तर मला हाकललं असतं," ती म्हणाली.

अप्पा स्वयंपाकघराच्या दारात चादर बाजूला सारून उभे होते. त्यांनी एक बोट वर केलं.

"मला कुणी विचारलं नाहीये," ते म्हणाले, "पण मी चार वाजता मोकळा आहे."

यावर दिवाणखान्यात रीतसर सुनावणी झाली. वकीलबाई सोफ्यावर, अप्पा समोर खुर्चीत.

"तुमचा आधी कधी वाढदिवस झालाय?"

"नाही."

"एकदाही नाही? मेणबत्त्या?"

"वीज गेली की. फुंकण्यासाठी कधी नाही."

"मग हा पहिला. पण केकवर सहा लिहिलंय."

"मला सहा चालेल," अप्पा म्हणाले. "गुडघ्यांना बरं पडेल."

"शाळेत घातलं तर?"

"मला हातच्याची बेरीज येते."

वकीलबाईंनी निकाल दिला: मंजूर. आईने कोऱ्या रकान्यात 'अप्पा' लिहिलं. लिहिताना तिला जाणवलं, की दिवे आता बाबांकडे, केकही बाबांकडे, चपलाही बाबांकडे, म्हणजे नवऱ्याची धावपळ कालच्या सात पाहुण्यांपेक्षा वाईट होणार. ती त्याला सांगावी की आपोआप कळू द्यावी, याचा विचार करत असताना वकीलबाईंनी विचारलं, "आणि मी काय करू?"

"तू पाहुण्यांत बस. मजा कर."

"नको." वकीलबाईंनी खोकं उचललं. ते त्यांच्यापेक्षा मोठं होतं, म्हणून ते आपापलं चालत स्वयंपाकघराकडे निघाल्यासारखं दिसलं. चादरीमागे, आईच्या स्टुलाला खेटून, ते थांबलं. "मला इथे बसायचंय. तुझ्याजवळ. काळोखात."

आईच्या नाट्यगृहात मागच्या बाजूला एक लोखंडी दार होतं. त्यावर पाटी होती: फक्त कलाकार व कर्मचारी. वकीलबाई त्या दारापर्यंत कितीतरी वेळा आल्या होत्या, बाबांचं बोट धरून, आईला डबा द्यायला. डबा आत जायचा. वकीलबाई बाहेर राहायच्या. विंगेत मुलं आणायची नाहीत, हा नियम होता आणि तो आईनेच केलेला होता.

"तिथे बोलायचं नसतं," आई म्हणाली.

"माहितीये."

"हसायचं नसतं."

"मी कुठे हसते?"

हेही खरंच होतं. आईने कपाटातून जुना हेडफोन काढला. त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. तो वकीलबाईंच्या डोक्यावर बसवला, तेव्हा त्यांचे कान, गाल आणि थोडेसे डोळेसुद्धा आत गेले.

चार वाजून दोन मिनिटांनी पहिली घंटी वाजली. दारात चष्मेवाली होती, हातात भेट आणि मागे तिची आई. समोर अप्पा उभे होते. डोक्यावर कागदी मुकुट, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"वाढदिवस कुणाचा आहे?" चष्मेवालीने विचारलं.

"माझा," अप्पा म्हणाले.

"कितवा?"

"सहावा."

चष्मेवालीने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "उंच आहेस," ती म्हणाली आणि भेट त्यांच्या हातात देऊन आत गेली. तिच्या आईला काहीतरी विचारायचं होतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण नेमकं काय विचारायचं ते तिला सुचेना, म्हणून ती "सहाला येते हं" म्हणून निघून गेली आणि जिन्यात दोनदा थांबली.

बाकीच्या अकरा मुलांनी एवढीही चौकशी केली नाही. केक होता, फुगे होते, वाढदिवसवाला मुकुट घालून बसला होता. तक्रारीला जागा नव्हती. नवऱ्याने दारात प्रत्येकाच्या तोंडात सहज डोकावून बघितलं. बारा मुलांत मिळून समोरचे एकोणीस दात पडलेले होते. असं काम एकगठ्ठा आलं असतं, तर त्याला महिनाभर मान वर करता आली नसती. पण ही गिऱ्हाइकं फुकटात नवे दात आणणार, हेही त्याला माहीत होतं. त्याने एक सुस्कारा सोडला आणि चपला लावायला घेतल्या.

चादरीमागे काळोख होता. आई स्टुलावर, वही मांडीवर. शेजारी खोकं आणि खोक्यात वकीलबाई.

"फुगे, स्टँडबाय," वकीलबाई कुजबुजल्या. "फुगे, गो."

नवऱ्याने फुगे सोडले. जिच्यासाठी काल लाल टोपी होती ती आणि चष्मेवाली एकाच फुग्यामागे धावल्या, धडकल्या, आणि "आई गं" हा सध्याच्या अबोल्यातला पहिला शब्द दोघी एकदम बोलल्या. मग बोलतच सुटल्या.

"हे वहीत नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या.

"नसतंच," आई म्हणाली.

अप्पांनी भेटी उघडल्या. रंगखडू निघाले, दोरीवरच्या उड्यांची दोरी निघाली, फुलपाखरांच्या क्लिपा निघाल्या. प्रत्येक भेट ते हातावर तोलून धरत आणि देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणत, "मला हेच हवं होतं." त्यात कुठे थट्टा नव्हती. क्लिपा त्यांनी उरलेल्या केसांना लगेच लावल्या. दोरीवर दोन उड्या मारून दाखवल्या, आणि तिसरीला नवऱ्याने त्यांना धरून खुर्चीत बसवलं. शेवटी पलंगाखालचं बाहुलीघर बाहेर आलं आणि तेही रीतसर अप्पांना मिळालं. ते बघून मात्र वकीलबाईंनी खोक्यातून मान बाहेर काढली.

"ते माझं होतं?"

"तुझं होतं," आईने कबूल केलं. "आज तुझा वाढदिवस असता तर."

वकीलबाईंनी क्षणभर कायद्याचा विचार केला. "असू दे," त्या म्हणाल्या. "ते मला खेळू देतील. केक, स्टँडबाय."

नवरा केक घेऊन दाराशी आला. एका हाताने केक धरून दुसऱ्या हाताने दिवे घालवायचे होते, कारण दिव्यांची बदलीही तोच होता. त्याने कोपराने बटण दाबलं. पडदे आधीच ओढलेले होते. खोलीत सहा ज्योती तेवढ्या राहिल्या.

"केक, गो."

बारा मुलांनी गाणं म्हटलं. प्रत्येकाने आपापल्या वेगाने म्हटलं, त्यामुळे ते बराच वेळ संपत राहिलं. केक अप्पांसमोर टेकला.

अप्पांनी फुंकलं नाही.

ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ज्योतींकडे बघत बसले. मुकुट जरासा कलला होता. पाच सेकंद गेले. दहा गेले. एक मेणबत्ती साखरेच्या सहावर ठिबकू लागली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याने चादरीकडे पाहिलं. मंचावर कुणी वाक्य विसरून असं गोठलं, की काय करायचं ते आईला झोपेतही येत होतं. कुजबुजून पहिला शब्द द्यायचा. तिने तोंड उघडलं.

खोक्यातून एक हात वर आला आणि तिच्या गुडघ्यावर टेकला.

"थांब," वकीलबाई म्हणाल्या. "विसरले नाहीयेत. बघतायत."

आई थांबली. चादरीच्या विणीतून मेणबत्त्यांचा उजेड आत येत होता. तो हेडफोनवर पडला होता, आणि हेडफोनमधून उरलेल्या चेहऱ्यावर. वकीलबाईंच्या समोरच्या पडलेल्या दाताच्या फटीत जिभेचं टोक आलं होतं, कपाळाला मधोमध एक आठी होती. ही आठी आई सोळा वर्षं रोज संध्याकाळी स्वतःच्या कपाळावर घेऊन बसत होती, पण तिने ती कधी बघितलेली नव्हती. काळोखात स्वतःचं कपाळ दिसत नाही.

"अप्पा, स्टँडबाय," वकीलबाई अगदी हळू म्हणाल्या. आणखी थोडा वेळ त्यांनी त्यांना बघू दिलं. मग म्हणाल्या, "गो."

बाहेर फुंकर ऐकू आली. मग टाळ्या, आरडाओरडा, कुणाचातरी फुगा फुटल्याचा आवाज. ज्याला तो आवाज चालत नव्हता, तो रडण्याऐवजी हसायला लागल्याचा आवाज. चादरीवरचा उजेड गेला. आई अजून खोक्याकडेच बघत होती. आता तिथे काहीच दिसत नव्हतं, तरी बघत होती.

अप्पांनी केक कापला. बारा मुलं, एक सून, एक मुलगा, एक विंगेतली नात आणि स्वतः, असे सोळा अगदी सारख्या वजनाचे तुकडे. कुणाचा मोठा, कुणाचा छोटा, अशी हाणामारी होण्याची वेळच आली नाही. बारा मुलांच्या त्या खोलीत एकमेकांच्या बशीत डोकावणारं एकही डोकं नव्हतं, हे दृश्य आईने सोळा वर्षांत कुठल्याही नाटकात पाहिलं नव्हतं.

सहा वाजता सगळी गेली. जिन्यातली आई परत आली, चष्मेवालीला घेऊन गेली, आणि जाताना अप्पांना "मोठे व्हा" म्हणून गेली. दारात दोन चपला उरल्या. त्या कुणाच्याच नव्हत्या. नवरा सोफ्यावर पालथा पडला होता. अप्पांनी बाहुलीघर आपल्या खोलीत खिडकीशी मांडलं आणि वकीलबाईंना रोज एक तास, स्वतःचे हात धुऊन, खेळायची परवानगी दिली.

प्रत्येक प्रयोगानंतर अहवाल लिहायचा, हा आईच्या धंद्यातला आणखी एक नियम. ती वही घेऊन खाली फरशीवर, खोक्याशेजारी बसली. वकीलबाई आतून सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली.

"सुरुवात?"

"चार वाजून दोन मिनिटं."

"बदली कलाकार?"

"छान. दोरीवर उड्या सांगितल्या नव्हत्या."

"पाहुणे?"

"कालचे जास्त शहाणे होते. पण आजचे बरे."

"तालीम?"

"पुढच्या वर्षी नको," वकीलबाई म्हणाल्या. "आठ व्हायची मला घाई नाहीये." त्यांनी खोक्याच्या काठावरून वहीत डोकावलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे कोरं आहे. मेणबत्त्या, किती सेकंद?"

"माहीत नाही."

"का?"

"मी बघितलंच नाही," आई म्हणाली. "तेव्हा मी दुसरीकडे बघत होते."

"कामाच्या वेळेला?"

"हो."

वकीलबाईंनी हेडफोन काढून व्यवस्थित तिच्या मांडीवर ठेवला.

"पहिलीच वेळ आहे म्हणून सोडते," त्या म्हणाल्या.